बिगुल आईसमोर वाजायचा

माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये बिगुल वाजवते. घरी सराव करताना ती समोर तिच्या आईला बसवायची, मला नाही. एवढ्याशा गोष्टीवरून मी चार-पाच महिने आतल्या आत जळत राहिलो, आणि त्या जळण्यात माझ्या हातून असं एक काम झालं की ते सांगताना आजही अवघडायला होतं.

घरात आम्ही तिघंच. मी वेंगुर्ल्याला एका काजूच्या कारखान्यात आहे. सोललेले गर टेबलावर येतात, बायका ते निवडतात, आणि निवडलेल्या ढिगातून चुकून राहिलेला तुकडा किंवा डागी गर शोधून काढणं हे माझं काम. दिवसभर चुका शोधायच्या आणि सापडल्या की बरं वाटायचं, अशी ती नोकरी. बायको आमच्याच गावात अंगणवाडी सेविका आहे. मुलगी तेव्हा वेंगुर्ल्याच्याच शाळेत आठवीत होती. गाव आत आहे, डोंगराच्या पायथ्याला. कारखान्यातून निघालो की मोटरसायकलने अर्धा तास.

घरात एक पेटीही आहे, माझी. गावच्या भजनी मंडळात मी पंधरा वर्षं आहे, पण तिथे पेटीवर बुवा बसतात. मी मागे कोरसात, हातात झांज घेऊन. बुवांची बोटं फिरत असतात आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत असतो. ते गजर चढवत नेतात तेव्हा सगळे रंगलेले असतात, आणि मी मनातल्या मनात त्यांचा एखादा कच्चा स्वर पकडून ठेवत असतो. तेव्हा हेवा ही गोष्ट मुलीच्या बिगुलाने घरात आणली असं मी म्हणणार नाही.

मुलगी सहावीत असताना मी तिला पेटी शिकवायला घेतली होती. आठ दिवस टिकलं. तिने सा लावला की मी थांबवायचो, बोट नीट ठेव. रे वर गेली की थांबवायचो, भाता नीट हलव. नवव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, माझा पोट दुखता." दहाव्या दिवशीही दुखलं. मग मी काय ते समजलो आणि पेटी मिटून ठेवली. तिच्यात ते नाहीच, असं मी मंडळातही सांगून टाकलं.

त्यामुळे आठवीच्या जुलैत ती शाळेतून भिजून आली आणि दप्तर खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, माका बँडमधे घेतल्यानी. बिगुल गावलो," तेव्हा मला आनंद झाला नाही. मी विचारलं, "बिगुल? तेच्यात काय वाजवतलंस तू? तेका एक चावी नाय."

"पाच स्वर आसत."

"पाच स्वरांत काय होता? वाजवूचाच आसा तर पेटीर बस."

"पेटी नको," ती म्हणाली, आणि टॉवेल घ्यायला आत गेली.

बँड शिकवणारे सर घाटावरचे, शाळेत पीटी घेणारे, पस्तिशीचे. त्यानंतर घरात रोज त्यांचंच नाव. सर म्हणतात फुंकर पोटातून यायला हवी. सर म्हणतात गाल फुगवायचे नाहीत. सर म्हणतात सकाळी आरशासमोर उभं राहून नुसते ओठ थरथरवायचे. ती खरोखरच आरशासमोर उभी राहून ओठ फुरफुरवायची आणि मी दाढी करायला तिच्या मागे ताटकळायचो. मी आठ दिवसांत सांगितलेलं तिने एक अक्षर धरलं नव्हतं. या माणसाचं मात्र सगळं पाठ होतं.

पंधरा ऑगस्टला ती बिगुलांच्या रांगेत शेवटी उभी होती आणि नुसता एक स्वर धरून होती. चतुर्थीची सुट्टी लागली तेव्हा सरांनी बिगुल घरी न्यायला दिला. खाकी कापडाची पिशवी, आत तो पितळी बिगुल, त्याला हिरवा गोंडा. पहिल्या दिवशी तिने तो ओटीवर वाजवला. मी झोपाळ्यावर बसून ऐकत होतो. दुसऱ्याच फुंकेला मी म्हटलं, "थांब. सुरवात थरथरली."

ती थांबली. पुन्हा फुंकलं.

"आता सरळ लागलो, पण लवकर सोडलंस."

तिसऱ्यांदा तिने फुंकलंच नाही. बिगुल उचलून ती मागीलदारी गेली, जिथे रतांब्याच्या झाडाखाली तिची आई भांडी घासत होती. थोड्या वेळाने तिथून आवाज यायला लागला. मी झोपाळ्यावरून उठलो नाही, पण झोपाळा हलायचा थांबला होता.

सुट्टी संपली, शाळा आणि कारखाना दोन्ही सुरू झालं. संध्याकाळी सहाला मी घरी यायचो तेव्हा बिगुल पिशवीत असायचा आणि ती पुस्तक घेऊन बसलेली. मला वाटलं सराव बंद पडला. एक दिवस आमच्या शेजारच्या काकांनी सहज म्हटलं, "तुझा चेडू बरा वाजवता हां. पाच वाजल्यापासना तां आमचा घड्याळ झाला."

मी म्हटलं, हो, वाजवते. पण मला ते ऐकू आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या शेवटच्या वळणावर मी कान देऊन गाडी हळू केली. बिगुल वाजत होता. मी पुढे आलो, चढावर गाडीचा आवाज वाढला, आणि बिगुल थांबला. सुराच्या मध्येच. कोणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वळणावर गाडी बंद केली. हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि गाडी ढकलत घराच्या कुंपणापर्यंत आलो. कडेला करवंदीची जाळी आहे, तिच्याआड उभा राहिलो. स्वतःच्या घराचं बोलणं चोरून ऐकायला मी उभा होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

आधी बिगुलाचे दोन स्वर आले. मग बायकोचा आवाज.

"ह्यो आता वाजवलंस तो काय?"

"ह्यो प."

"आणि आदीचो?"

"आदीचो सा."

"माका दोनय सारके लागले. परत वाजव बघूया."

मुलगी हसली. पुन्हा वाजवलं, या वेळी सावकाश, दोन्ही स्वर वेगवेगळे धरून.

"हां. दुसरो वर चढता."

"ओठ घट्ट करूचे लागतत, आई. माडीर चढताना कसे पाय उचलून टाकतो, तसा."

"बघू, माका दी."

मग एक असा आवाज आला, की गोठ्यात म्हैस शिंकली असं वाटावं. दोघी हसत सुटल्या. मुलगी आईला सांगत होती, ओठ असे नाही, असे. सर मुलीला जे सांगायचे ते ती आता आईला सांगत होती, आणि माझी बायको, जिला भूप आणि बिहाग यांतला फरक मेल्यावरही कळणार नाही, ती हो हो करत शिकत होती.

मी तिथे किती वेळ होतो ठाऊक नाही. मला मुलीचा राग आला नाही. मला बायकोचा राग आला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षांत मी पेटी काढली की ती आत जाऊन कुकर लावायची. ह्यो काय वाजवलास, म्हणून तिने मला कधी विचारलं नव्हतं. परत वाजवा बघूया, असं कधी म्हटलं नव्हतं. तिच्याकडे हे ऐकणं होतं, एवढं होतं, आणि त्यातलं मला कधी काही मिळालं नव्हतं.

मी रोज गाडी वळणावर बंद करू लागलो. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारचे काका समोर आले. "गाडी चढावर बंद पडता काय रे? माझो भाचो बघता गाडये. पाठवू?"

"नको, जरा प्लगचा आसा," मी म्हटलं. ते गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले.

एका रविवारी मला राहवलं नाही. दोघी मागीलदारी बसल्या होत्या. बायको कुळीथ निवडत होती, मुलगी उभी राहून वाजवत होती. मी आतून पेटी उचलून आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

"वाजव. मी पट्टी बघतंय."

ती आईकडे बघून वाजवू लागली. मी तिचा सा पेटीवर शोधला, जवळपास सापडला. प ठीक होता. मग ती वरच्या ग वर गेली आणि मी पेटीचा ग दाबून धरला. दोन्ही एकत्र वाजले आणि त्यांत स्पष्ट फरक होता. तिचा उतरलेला होता. मला काय वाटलं ते लपवत नाही. टेबलावरच्या ढिगात तुकडा सापडावा तसं वाटलं.

"ग उतरता तुझो," मी म्हटलं. "बेसूर आसा. माझ्या पेटीवांगडा लाव."

तिने पुन्हा लावला. पुन्हा उतरला. पाच-सहा वेळा झालं. तिचे ओठ लाल झाले. बायको म्हणाली, "ऱ्हवांदे आता."

"ऱ्हवांदे कशाक? चुकीचा वाजवणा पक्का झाला तर मगे सुटणा नाय. तुका कळणा नाय तेतला."

बायकोने कुळीथ निवडायचं सूप उचललं आणि आत गेली. मुलीने बिगुल पुसला, पिशवीत घातला, पिशवीचा बंद नीट गाठ मारून बांधला आणि तीही आत गेली. मी पेटी घेऊन झाडाखाली एकटा राहिलो. आता ती माझ्याकडे ग विचारायला येईल, असं मला त्या दिवशी खरोखर वाटत होतं.

ती आली नाही. दोन दिवसांनी वळणावर गाडी बंद केली तर बिगुल मागीलदारीच वाजत होता, फक्त वरचा ग आला की ती तो आता हळू फुंकत होती, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

दिवाळीनंतर मी शाळेत गेलो. त्या वर्षी तिची शिष्यवृत्तीची परीक्षा होती, आणि मी ते कारण खिशात घालूनच गेलो. सर मैदानावर चुन्याने रेषा मारत होते. मी पुस्तकी मराठीत बोललो, कारखान्याच्या ऑफिसात बोलतो तसा.

"सर, मुलीचा अभ्यास मागे पडतोय. बिगुल घरी आला की तिचं लक्ष लागत नाही. तो शाळेतच ठेवून घेतलात तर बरं."

सरांनी चुन्याचा डबा खाली ठेवला. "तिच्या अभ्यासाबद्दल वर्गशिक्षकांची तर काही तक्रार नाही."

"घरी आम्हाला दिसतं ना."

"घरी सराव नसेल तर ती मागे पडेल हो. सव्वीस जानेवारीला सुरुवातीची धून तिला एकटीला द्यायचं माझ्या मनात आहे."

हे मला ठाऊक नव्हतं. तिने मला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं असणार, असं मनात आलं, आणि त्यानेच माझं तोंड बंद व्हायच्या ऐवजी उघडलं. "बघा, परीक्षा महत्त्वाची. आणि मी सांगितलं असं तिला सांगू नका, उगाच मनाला लावून घेईल."

"तुम्ही पालक आहात," सर म्हणाले. "ठीक आहे."

दुसऱ्या दिवसापासून बिगुल घरी आला नाही. संध्याकाळी मी वळणावर थांबलो नाही, गाडी थेट अंगणात आणली. मुलगी पुस्तक घेऊन बसली होती, बायको चुलीपाशी होती, दोघी दोन खोल्यांत. पहिले दोन दिवस मला हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी जेवताना बायकोने तिला विचारलं, "आज पण हाडूक नाय बिगुल?"

मुलीने ताटात बघत सांगितलं, "सर म्हणाले शाळेतच ठेव."

"कित्या?"

"माझो ग बेसूर लागता. सरांका आवाडला नसात. बाकीची तिघा घराक नेतत."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. तिला संशय आला असता तर तिने बघितलं असतं. बेसूर हा शब्द माझा होता आणि तो तिने सरांच्या तोंडात घातला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आमटी मागून घेतली.

असा महिना गेला. मुलगी शाळेत जात होती, सराव करत होती, घरी त्याबद्दल काही बोलत नव्हती. सर म्हणतात, हेही बंद झालं होतं. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि घर पाहुणे येऊन गेल्यावर असतं तसं होऊन बसलं होतं.

डिसेंबरात एक दिवस कारखान्यात बॉयलर बंद पडला आणि आम्हाला चारलाच सोडलं. घरी आलो तर ओटीवर कोणी नव्हतं. मागीलदारी जायला वळलो आणि दारातच थांबलो.

दोघी रतांब्याखाली समोरासमोर बसल्या होत्या. दोघींच्या हातांत पपईच्या पानाचे देठ होते, पोकळ, वीतभर कापलेले. लहानपणी आम्ही त्याच्या पिपाण्या करायचो. मुलगी ओठ घट्ट करून देठात फुंकत होती आणि त्यातून एक चिरका, बसका आवाज निघत होता. मग ओठ आणखी आवळून थोडा वरचा. आईच्या देठातून नुसता वारा.

"ह्यो सा," मुलगी सांगत होती. "आता प बघ."

"प आयलो काय ह्येच्यात?"

"नाय येणा. पण ओठांका सवय ऱ्हवता."

"मगे कर तू. मी आसंय हयसर."

त्यांनी मला बघितलं नाही. मी पाय न वाजवता मागे फिरलो, ओटीवर आलो, आणि खुर्चीत बसलो. तेव्हाही पहिल्यांदा मनात काय आलं? माझ्यासाठी देठाचा तिसरा तुकडा नव्हता, हे. मग स्वतःची एवढी लाज वाटली, की कोणी घरात नसतानाही मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी मैत्रिणीकडे वही आणायला गेली होती. बायको विळीवर बांगडे साफ करत होती. मी पाटावर तिच्यासमोर बसलो.

"बिगुल घराक येवचो बंद मीच केलंय," मी म्हटलं.

तिचा हात चालूच होता. "म्हणजे काय?"

"सरांका जावन सांगितलंय. परीक्षेचा कारण दिलंय."

हात थांबला. "आणि ती महिनोभर समाजता, सरांनी तिका काढून टाकल्यानी."

"हां."

"कित्या केलास असा?"

मी म्हटलं, "ती तुझ्यासमोर वाजवता म्हणान. माझ्यासमोर वाजवणा नाय."

ती हसेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. तिने दोन्ही केलं नाही. "तुमका कळता म्हणान तुमच्यासमोर वाजवणा नाय," ती म्हणाली. "माका कळणा नाय, म्हणान ती माका सांगता. सांगताना तिका पण कळता. अंगणवाडीत पोरांका मी रोज ताच विचारतंय, ह्या काय काढलंस, सांग बघू."

"मगे माका कधी विचारूक नाय तू. सोळा वर्षांत एकदा तरी विचारलंस? मी काय वाजवतंय म्हणान?"

हे तोंडातून निघालं तेव्हा माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला.

तिने बांगडा खाली ठेवला. "पयल्या वर्षाक विचारललंय. तुमी ओटीर पेटी घेवन बसल्यात, मी चाय घेवन आयलंय, आणि विचारलंय, ह्यो राग खयचो. तुमी म्हटल्यात, तुका काय कळतला."

"माका आठवणा नाय."

"माका आठवता."

ती पुन्हा बांगडे साफ करू लागली. मी विचारलं, "आता काय करू?"

"शाळेत जावा. आणि तिका तुमीच सांगा. मी सांगूचंय नाय."

मी कारखान्यातून अर्धा दिवस रजा घेतली आणि शाळेत गेलो. सरांना सांगितलं, माझं चुकलं, अभ्यासाचं काही नव्हतं. कारण त्यांनी विचारलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. पण त्या ग चा खिळा माझ्या मनात तसाच होता, म्हणून मी म्हटलं, "तिचा वरचा ग मात्र उतरतो. मी पेटीवर लावून पाहिला होता."

सर म्हणाले, "बिगुलाचा ग पेटीच्या ग पेक्षा किंचित उतरलेलाच असतो. नळीतून जो निघतो तो निघतो. तो त्याच्या जागी बरोबर असतो, पेटीला जुळत नाही एवढंच." मग ते म्हणाले, "उलट चौघांत तिचाच ग स्वच्छ होता. दिवाळीच्या आधीपासून ती तो दाबून वाजवते. मला कळेना का."

शाळा सुटल्यावर मी तिला गाडीवर मागे घेतलं. बिगुलाची पिशवी तिच्या मांडीवर होती. समोर बघत सांगणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. वेंगुर्ला मागे पडल्यावर मी बोलायला सुरुवात केली, सगळं सांगून टाकलं, आणि मागून ती म्हणाली, "काय? आयकाक येणा नाय."

गाडी बाजूला घ्यावी लागली. एका काजूच्या बागेच्या कडेला उतरून, हेल्मेट काढून, तिच्या तोंडाकडे बघत मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. मी सरांना काय सांगितलं, का सांगितलं, आणि ग बद्दल माझं कसं चुकलं. शेवटी म्हटलं, "माका आईचो हेवो वाटलो."

ती ऐकत राहिली. मग तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, "मगे सरांका माझा वाजवणा आवाडता?"

माझ्याबद्दल नाही, आईबद्दल नाही. त्या घटकेलाही मला ते लागलंच. "आवाडता," मी म्हटलं. "चौघांत तुझोच ग स्वच्छ आसा, म्हणान सांगितल्यानी."

तिचा चेहरा उजळला आणि मग माझ्याकडे बघून पुन्हा बंद झाला. "घराक जावया," ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. भांडण नाही, तोंड फिरवणं नाही. लागेल ते आईकडून मागायची. आई, बाबांका सांग माका पेन होया. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो असायचो. नऊ-दहा दिवस असं चाललं. रोज संध्याकाळी बिगुल मागीलदारी वाजायचा, गाडी अंगणात आली तरी थांबायचा नाही, आणि ग पूर्ण जोराने लागायचा. मी ओटीवरून पुढे जायचो नाही. बायकोने मला एक काम दिलं होतं. सव्वीस जानेवारीच्या आधी बँडचा सराव सकाळी सातला असायचा आणि तेवढ्या लवकर एसटी नव्हती. तिला पोचवायचं माझ्याकडे आलं. थंडीत अर्धा तास ती मागे मुकाट बसायची. शाळेपाशी उतरायची आणि जायची. मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर थांबायचो, कारखान्याची वेळ होईपर्यंत. बँड दिसायचा नाही, ऐकू यायचा. कुठलं काय चुकतंय ते मला कळत होतं. सांगायला जवळ कोणी नव्हतं, आणि सांगायचं नाही याची सवय करायलाही तीच जागा बरी होती.

एका सकाळी उतरताना ती म्हणाली, "बाबा, उद्या साडेसातांक आसा." त्या दिवसापासून बोलणं हळूहळू परत आलं. पण ते पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. एखादी गोष्ट सांगताना ती मध्येच थांबते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघते, अजूनही.

सव्वीस जानेवारीला मी आणि बायको मैदानाच्या कडेला, पालकांत उभे होतो. पोरं रांगेत आली. पुढे ड्रम, मागे चार बिगुल. ती डावीकडून दुसरी, पांढरे मोजे, केसांना रिबिनी. सरांनी हात केला आणि ती एक पाऊल पुढे आली. सुरुवातीची धून तिने एकटीने वाजवली.

माझे कान आपोआप कामाला लागले. सा बरा. प भरलेला. वरचा ग आला, स्वच्छ, त्याच्या जागी. त्याच्या वरच्या प ला तिचा आवाज फाटला. क्षणभर नुसता वारा निघाला. माझी उजव्या हाताची बोटं हवेत हलली, जणू मी तो स्वर तिच्यासाठी दाबून देणार होतो. ती थांबली नाही. पुढचा स्वर घेतला आणि धून संपवून मागे पाऊल टाकलं.

"वरचो प फाटलो," माझी बायको शेजारी पुटपुटली.

मी तिच्याकडे बघितलं. तिला प कळत होता. तोही कुठला, वरचा. माझ्याकडून सोळा वर्षांत जे तिच्या कानापर्यंत गेलं नाही ते तिने रतांब्याखाली भांडी घासता घासता पोरीकडून घेतलं होतं. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही असेल. पण आधी दुसरंच वाटलं, आणि ते काय ते तुम्ही ओळखलं असेल.

झेंडावंदन झालं, पोरांना लाडू वाटले. ती धावत आमच्याकडे आली. पहिल्यांदा आईजवळच गेली. आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, श्वास आधी घ्यायला हवा होतास. ते मी गिळलं.

मी विचारलं, "वरच्या प क काय झाला गो?"

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, नेहमीसारखं. मग म्हणाली, "ओठ सुके पडलले. म्हणान वारो सुटलो. मगे मी तेका सोडून दिलंय आणि पुढचो धरलंय."

"बरा केलंस," मी म्हटलं.

"ह्या धरा," ती म्हणाली, आणि बिगुल माझ्या हातात दिला. तो तिच्या हातांनी गरम झाला होता. तिने बुटाची नाडी बांधली, लाडूचा अर्धा तुकडा तोंडात टाकला, आणि आईचा हात धरून फाटकाकडे चालू लागली. तीन वाक्यं मला मिळाली होती. आईला ती अजून सांगतच होती, हातवारे करून, कुठे काय झालं, कोणाचा ड्रम आधी वाजला, सर काय म्हणाले. मी पिशवीत बिगुल घातला, बंद बांधला, आणि त्या दोघींच्या मागून निघालो. गर्दीत त्यांचं बोलणं मला अर्धंच ऐकू येत होतं.